दुपारची मावशी

आपण जिन्यात उभ्या आहोत आणि वरच्या खोलीत आपणच बोलतो आहोत, असं मावशीला वाटलं आणि तिचा पाय पायरीवर तसाच राहिला. ती खालच्या सायकलच्या दुकानातून हवा भरायचा पंप आणायला गेली होती. मुलांचा चेंडू कालपासून मलूल पडला होता. त्याला लाथ मारली की तो जेमतेम दोन हात पुढे जाऊन सुस्कारा टाकायचा. पंप काखोटीला मारून, कठडा धरत ती निम्मा जिना चढली असेल-नसेल, तोच वरून आवाज आला, "अरे, अरेऽऽ, अरे! दप्तर काय पाठीला उगवलंय? उतरव आधी. आणि हे काय? हात आहेत की कोळशाची वखार? जा, धुऊन ये. साबण लावून. साबण नुसता हुंगून नाही." शब्द तिचे होते. मधला 'अरे' लांबवायची लकब तिची होती. साबणाचा विनोद तर तिने इतक्यांदा केला होता की मुलं आता त्याला हसायचीसुद्धा नाहीत, नुसती हात धुवायला जायची. फक्त आवाज बारीक होता, दूर कुठेतरी ठेवलेल्या रेडिओतून यावा तसा. ती हळूच वर गेली. दाराला मधोमध काच होती, तिच्यावर मुलांनी चिकटवलेले कागदी मासे होते, आणि दोन माशांच्या फटीतून तिला तिचाच राखाडी स्वेटर दिसला. तो खुर्चीच्या पाठीवर असायचा. आत्ता तो सतरंजीच्या मधोमध उभा होता, बाह्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होत्या, आणि त्याच्यातून बाहेर आलेलं डोकं गप्पूचं होतं.

गप्पू हे तिचं नाव नव्हे. नाव छान होतं, लांबलचक होतं, आणि ते तिच्या घरच्यांखेरीज कुणालाच धड उच्चारता येत नव्हतं. शाळा सुरू झाल्यापासून ती रोज दुपारी इथे येत होती आणि इतक्या दिवसांत तिने एक अक्षर उच्चारलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मुलं तिला मुकी म्हणायला लागली, तेव्हा मावशीने डोळे वटारले. मग मुलांनीच आपापसात खल करून 'गप्पू' असा तोडगा काढला, कारण ती गप्प असते आणि शिवाय ते ऐकायला गोड लागतं. गप्पूने ते नाव मान हलवून मंजूर केलं. मान हलवणं, बोट दाखवणं, भुवया उडवणं एवढ्यावर तिचा सगळा संसार चालायचा. ओठ उघडायचे ते केळं खायला. शाळेतही तीच तऱ्हा. आणि ही तीच पोरगी, कमरेवर हात ठेवून, जुळ्या भावांना समोर बसवून, त्यांची खरडपट्टी काढत होती. अडखळत नव्हती, शब्द शोधत नव्हती. जुळ्यांनी हात पुढे केले, तिने ते उलटेपालटे करून पाहिले, नाक मुरडलं, आणि मग एक गोष्ट केली. उजवा तळवा छातीच्या मधोमध ठेवला, खांदे सोडले, आणि कुणालाच नाही असं खाली बघत म्हणाली, "असू दे. असू दे."

हे मावशीला नवीन होतं. म्हणजे ते हावभाव नवीन नव्हते, जन्मापासूनचे ओळखीचे होते. पण ते आपले आहेत हे नवीन होतं. असं तिची आई करायची. संध्याकाळी दवाखान्याच्या धुलाईघरातून परत आली, चपला काढल्या, दोन्ही मुलींनी दिवसभरात केलेला गोंधळ एका नजरेत पाहिला, चार शब्द सुनावले, की आई छातीवर हात ठेवायची आणि स्वतःलाच सांगायची, असू दे. तिच्या हातांना खळीचा आणि गरम कापडाचा वास असायचा. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. आणि आता ती एका परक्या घरच्या मुलीच्या अंगात, स्वेटर घालून, सतरंजीवर उभी होती. मावशीच्या अंगावर काटा आला. तो आनंदाचा होता की कसला, ते तिला ठरवता येईना, म्हणून ती पायरीवर बसली. पंप मांडीवर घेतला. खालून सायकलवाल्याच्या हातोडीची ठकठक येत होती, वरून तिची स्वतःची बोलणी येत होती, आणि मध्ये ती, आपल्याच घरात पाहुणी आल्यासारखी.

थोड्या वेळाने ती मुद्दाम पाय आपटत वर गेली. दार उघडेपर्यंत स्वेटर खुर्चीवर परतला होता, जरा वाकडा. गप्पू टेबलाशी बसून निळ्या खडूने काहीतरी रंगवत होती. जुळे हात धुवायला गेले होते, खरोखरच. मावशीने चेंडूत हवा भरता भरता वकिलाला जवळ बोलावलं. वकील म्हणजे नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा, ज्याला पाणी पी म्हटलं तरी तो आधी कारण विचारायचा.

"गप्पू बोलते?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"बोलते की. तू खाली गेलीस की ती मावशी होते. कधी कधी अभ्यास घेणारा दादा होते, पण मावशी जास्त चांगली होते."

"कधीपासून?"

"खूप दिवस झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू कुठे विचारलंस?" वकील म्हणाला, आणि तिच्या हातातून चेंडू घेऊन गेला.

मुलांना त्यात काहीच नवल वाटलं नव्हतं. एकजण गप्प असते, खेळात बोलते. एकाला दूध लागत नाही, एकाला बूट काढायला लाज वाटते, एकीची प्रार्थना निराळी, एकाचे बाबा दोन घरात राहतात. ह्या खोलीत जितकी दप्तरं तितकी घरं येत होती, आणि मुलं त्या सगळ्यांना हवामान मानायची. आज ऊन आहे, आज गप्पू बोलत नाही. मोठी माणसंच तेवढी प्रत्येक ढगाखाली उभी राहून वर बघत बसायची. मावशीला हसू आलं. तिचं एकंदर बरं चाललं होतं. वाचनालयातली नोकरी संपल्यावर वाचनालयाने ही वरची खोली तिला शाळा सुटलेली मुलं सांभाळायला दुपारपुरती दिली होती, आणि दुपार हाच तिचा दिवस झाला होता. सकाळ नुसती त्याची तयारी, संध्याकाळ त्याची आठवण. लग्न झालं नाही ह्याचं दुःख तिने तरुणपणी थोडंफार करून घेतलं होतं, मग त्याचाही कंटाळा आला. आता सगळ्या गल्लीची ती मावशी होती. माय मरो पण मावशी जगो, असं एकदा एका मुलाची आई धापा टाकत, उशिरा पोचून, हसत म्हणाली होती, आणि मावशीला वाटलं होतं, ही म्हण नक्की कुठल्यातरी मावशीनेच रचलेली असणार. कुठली आई असलं काही म्हणेल?

पण त्या दिवशी घरी जाताना तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. परवा शाळेतल्या समुपदेशक बाई येणार होत्या. गप्पूला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका निराळ्या शाळेत घालावं असं त्यांच्या मनात होतं. तिथे न बोलणाऱ्या, उशिरा बोलणाऱ्या मुलांसाठी वेगळे वर्ग होते, त्यांची बस होती, आणि ती बस मुलांना संध्याकाळी घरी सोडायची. म्हणजे दुपार त्यांचीच. गप्पूच्या बापाने, जो बेकरीत रात्रपाळी करायचा, शाळेत जाऊन सगळं ऐकून मान हलवली होती. त्याने होकार दिला असं शाळेचं म्हणणं होतं. मावशीने मुलांना अभ्यासात आणि खेळात मदत करणाऱ्या दादाला पायरीवर ऐकलेलं सगळं सांगितलं तेव्हा तो कॉलेजातला पोरगा जागच्या जागी उडाला. "मावशी, सोपं आहे! उद्या तुम्ही खाली जा, मी दाराआडून मोबाईलवर घेतो. बाईंना दाखवू. विषय संपला." विषय खरंच संपला असता. मावशी हो म्हणणार होती. शब्द ओठांवर आला होता. पण दाराच्या काचेपाशी मासे होते आणि माशांच्या मधून बघणारी ती स्वतःच तिला पुन्हा दिसली. तेवढंसुद्धा चोरून बघणं झालं होतं. "नको रे," ती म्हणाली. "का?" "तिने मला दाखवलेलं नाही ते," एवढंच ती म्हणाली. दादाने खांदे उडवले. "मग परवा काय सांगणार?" "बघू," मावशी म्हणाली, आणि रस्त्याला लागल्यावर ह्या 'बघू'चं ओझं तिला कळलं.

दिवे लागायच्या सुमाराला धाकट्या बहिणीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात, मुलंबाळं, नातवंडं, दोन मांजरं अशा गजबजाटात राहायची आणि फोनवर बोलताना मागून नेहमी काहीतरी सांडल्याचा आवाज यायचा.

"मी आईसारखी बोलते का गं?" मावशीने मध्येच विचारलं.

"आत्ता कळलं तुला?" बहीण खदखदून हसली. "अगं, तू आठ वर्षांची होतीस तेव्हापासून आईसारखी बोलतेस. आई कामावर असायची आणि आई घरी पण असायची. माझा जीव मेटाकुटीला आला होता."

"काहीतरीच."

"काहीतरीच काय? आणि आईसारखी नसलीस की शाळेतल्या बाईंसारखी. आठवतंय? उशा मांडून बसवायचीस. मी आणि तीन उशा. उशांना कधी मार पडायचा नाही, मला पडायचा."

फोन ठेवल्यावर मावशी दिवा न लावता बसून राहिली. उशा. तिला त्या आठवल्या, पण त्याआधी खोली आठवली. बाबा बोटीवर, आई धुलाईघरात, आणि ह्या नव्या शहरात नुकत्याच आलेल्या दोन मुली. शाळा दुपारी सुटायची, आई यायची ती दिवे लागल्यावर. मधली सगळी दुपार त्यांची, आतून कडी लावलेली. दार कुणालाही उघडायचं नाही, शेगडीला हात लावायचा नाही, खिडकीतून वाकायचं नाही. एवढे नकार पाळून झाल्यावर उरायची ती दुपार एवढी मोठी असायची की तिच्यात दोघी बुडून जायच्या. भिंतीवरचं ऊन पलंगावर, पलंगावरून जमिनीवर, जमिनीवरून दाराशी जायचं, आणि दाराशी गेलं की दोघी एकमेकींना चिकटून बसायच्या, कारण नंतर काळोख आणि आई ह्यांच्यात आधी कोण येईल ह्याचा नेम नसायचा. शेजारच्या घरातून रेडिओ ऐकू यायचा, परक्या भाषेतला. शाळेतही तीच भाषा. वर्गात तिला दगड म्हणायचे. बाईंनी काही विचारलं की तिला कळायचं, उत्तरही कळायचं, पण तोंडात जीभ कुणा दुसऱ्याची ठेवल्यासारखी व्हायची. आणि तीच मुलगी घरी आली की आईचा एप्रन गुंडाळून, खोक्यावर उभी राहून, त्या परक्या भाषेत एका बहिणीला आणि तीन उशांना फाडफाड बोलायची. ताठ बसा! पुस्तकं काढा! कोण हसलं? त्या भाषेतली तिची पहिली वाक्यं रागावण्याचीच होती, कारण तीच तिच्या कानांवर सगळ्यात जास्त पडली होती. बाई होऊन बोलताना चूक व्हायची नाही. चूक झालीच असती तर ती बाईंची झाली असती, तिची नव्हे. हे सगळं ती विसरली होती. आपण नंतर बोलायला लागलो, पोटासाठी त्याच भाषेत हजारो माणसांना पुस्तकं काढून दिली, हे तिला लख्ख माहीत होतं. पण खोक्यावरून खाली कधी उतरलो, कुठल्या दिवशी, कुणापाशी, ते काही केल्या आठवेना. तिने दिवा लावला. भूक लागली होती. तिने पाव भाजला, त्याला लोणी लावलं आणि खिडकीशी उभं राहून शांतपणे खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. तिला बोलताच येईना. मुलं धाडधाड जिना चढून आली, एकाचं दप्तर पाठीवरच होतं, तिने तोंड उघडलं, 'अरे' ओठांवर आला, आणि तिला वाटलं, हे आता कोण बोलणार? ती गप्प बसली. मुलाने दप्तरासकट जाऊन दूध प्यायला सुरुवात केली. हात न धुता. तिने तेही पाहिलं. प्रत्येक वाक्य बाहेर पडण्याआधी तिच्यापुढे येऊन उभं राहायचं, आणि तिला त्याच्या मागे आई दिसायची, बाई दिसायच्या, राखाडी स्वेटर दिसायचा. स्वतःचं असं त्याच्यात काय आहे ते शोधेपर्यंत वेळ निघून जायची. काही दिसलं तर ते एवढंच होतं की पोरगी आपल्यातलं नेमकं रागावणं उचलते. आपण हिला गोष्टी वाचून दाखवल्या, बुटांच्या नाड्या बांधायला शिकवल्या, एकदा ताप आला तेव्हा मांडीवर घेऊन बसलो, त्यातलं काही नाही, आणि वखार तेवढी घेतली! आपला रागच तेवढा घट्टपणे धरून ठेवण्यासारखा वाटला की काय हिला? थोड्याच वेळात खोलीत बाजार भरला. जुळे टेबलाखाली शिरून एकमेकांना चावत होते. दादा शिट्टी वाजवून थकला. शेवटी वकील तिच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला.

"आज तू ओरडत का नाहीस?"

"सहजच."

"तुला बरं नाहीये का?"

"बरं आहे रे."

"मग ओरड. असं बरं नाही वाटत."

आणि त्याच वेळी तिच्या कोपराला काहीतरी गार लागलं. गप्पू पाण्याचा पेला घेऊन उभी होती. काठोकाठ भरलेला, दोन्ही हातांनी धरलेला. ती मावशीच्या चेहऱ्याकडे असं बघत होती, जसं मावशी तापलेल्या मुलाकडे बघत असेल, कपाळाला आठी घालून, डोळे बारीक करून. मावशी पाणी प्यायली. गप्पूने पेला परत घेतला, तळाशी उरलेलं पाणी दाखवलं, आणि भुवया उडवल्या. म्हणजे सगळं संपव. तिने संपवलं. मग मावशी उठली, टेबलाशी गेली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अरे, अरेऽऽ, अरे! टेबलाखाली माणसं आहेत की उंदीर?" खोलीने सुटकेचा श्वास टाकला. जुळे बाहेर आले. गप्पू पेला विसळायला गेली, जाताना तिची मान एकदा हलली, जणू नीट जमलं असं.

समुपदेशक बाई ठरल्या वेळेला आल्या. मावशीने मनात त्यांचं एक कडक चित्र रंगवलं होतं, चष्मा, आवळलेले केस, आणि समोर आली ती सर्दीने बेजार झालेली एक तरुण बाई, जिचा रुमाल हातातून सुटत नव्हता आणि जिला त्या दिवशी आणखी दोन शाळा करायच्या होत्या. दादाने मुलांना चेंडू घेऊन खाली अंगणात नेलं. मोठ्या खुर्च्या खोलीत नव्हत्याच; बाई मुलांच्या खुर्चीवर बसल्या तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. गप्पूचा बाप आला. झोपेतून उठून आला होता, तरी भुवयांत पीठ होतं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला, कधीही ऊठ म्हणतील अशा बेताने. गप्पू कोपऱ्यात सगळ्यांकडे पाठ करून मणी ओवत बसली. बाईंनी तिच्याजवळ जाऊन, खाली बसून, हळुवारपणे दोन-चार गोष्टी विचारल्या. मण्याचा रंग विचारला. गप्पूने मणी उचलून दाखवला आणि ओवला. बाईंनी जबरदस्ती केली नाही. त्या परत येऊन बसल्या, नाक शिंकरलं. मग मावशीने दारामागून ऐकलेलं सांगितलं. सांगताना तिला जाणवत होतं की कोपऱ्यातली पाठ ताठ झाली आहे, आणि तिला त्या पाठीची माफी मागावीशी वाटत होती.

"मला खोटं वाटत नाही," बाई म्हणाल्या. "असं होतं. पण मावशी, ती तुमचं बोलते आहे, स्वतःचं नाही. तिकडे वर्गात मोजकी मुलं असतात. शिकवणाऱ्यांचं त्यासाठीच शिक्षण झालेलं असतं. इथे तिला बरं वाटतं हे दिसतंय मला. पण नुसतं बरं वाटणं पुरेल का?"

बाईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि ते चुकीचं नाही हेच टोचत होतं. आपल्याला ही पोर इथे हवी आहे. पण ती तिच्या भल्यासाठी की आपल्या दुपारसाठी? आपला आवाज कुणाच्या तरी तोंडात राहावा असा हा म्हातारपणचा लोभ तर नव्हे? ती खिडकीकडे बघत राहिली. खालून मुलांचा गलका येत होता. वकील कुणाला तरी चेंडू रेषेबाहेर कसा नव्हता ते पटवत होता. एवढ्यात बाई बापाकडे वळल्या. शाळेत त्यांनी त्याला बरंच काही समजावून सांगितलं असणार, आत्ता त्यांनी नुसतं विचारलं, "घरी ती काय बोलते हो?"

बापाने सवयीने मान हलवली. मग त्याच्या लक्षात आलं की ह्या प्रश्नाला मान हलवून भागत नाही. त्याने तळवे पँटला पुसले. "घरी," तो म्हणाला आणि थांबला. ही भाषा त्याच्या तोंडात गरम घासासारखी फिरत होती. "घरी ती... थांबत नाही. मी जेवतो, ती बोलते. मी कामाचे कपडे घालतो, ती बोलते. शाळेचं नाही. इथलं. मला इथलं सगळं माहीत. जुळे आहेत, एकाला अंधाराची भीती. तो सांगतो, मला नाही, ह्याला आहे. वकील मुलगा हरला की त्याचं पोट दुखतं. दादाने घोडा काढला, सगळे म्हणाले कुत्रा, तर तो म्हणाला, हो कुत्राच आहे." समुपदेशक बाई हसल्या. त्या हसण्याने त्याला धीर आला. "मावशी बाथरूममध्ये गाते. वाईट गाते. पण रोज गाते." आता मावशीही हसली, कानापर्यंत लाल होत. "आम्ही आलो ना ह्या शहरात, हिची आई तिकडेच राहिली, कामाचा करार आहे तिचा, पुढच्या वर्षी येईल. तेव्हा ही घरी पण बोलत नव्हती. माझ्याशी पण नाही. फोनवर आईशी पण नाही. मी खूप घाबरलो. मग ही इथे यायला लागली. एक दिवस घरी आली आणि म्हणाली, हात धुतलेस? मला. बापाला." त्याने आपले हात पालथे करून पाहिले. "मी धुतले. मग ती माझ्याशी तिचं बोलायला लागली. आमच्या भाषेत. आधी मावशीसारखं, मग तिच्यासारखं."

कोपऱ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गप्पू उठून, मण्यांची माळ तशीच टाकून, तरातरा चालत आली आणि तिने बापाच्या तोंडावर हात ठेवला. पूर्ण तळवा, घट्ट. सगळी गुपितं चारचौघांत सांडल्याचा संताप तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. बाप त्या तळव्याच्या आडून अजून काहीतरी सांगत होता. आता त्याला थांबता येत नव्हतं. "...शाळेत मी हो म्हणालो नाही," असं काहीसं ऐकू आलं. त्याने तिचा हात अलगद बाजूला केला. "मी मान हलवली. मी नेहमी हलवतो. चूक बोललो तर हसतील म्हणून."

खोलीत कुणी हसलं नाही. बाईंनी रुमालाची घडी केली. "आधी मावशीसारखं, मग तिच्यासारखं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग मोठ्याने, "मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बरं झालं सांगितलंत. चालू वर्ष राहू दे तिला इथेच. पण मी तिला मोकळं सोडणार नाही हं, दर आठवड्याला येऊन बसणार इथे. मलाही शिकू दे ती काय करते ते. फक्त मोठी खुर्ची मिळेल का एखादी?" मावशीने बघते म्हटलं. बापाने पुन्हा मान हलवली, मग घाईने म्हणाला, "हो. म्हणजे, हो." गप्पू कुणाकडेही न बघता परत कोपऱ्यात गेली आणि मणी ओवायला लागली, पण ह्या वेळी तोंड खोलीकडे करून.

त्यानंतरच्या दिवसांत विशेष काही घडलं नाही, आणि मावशीला ते आवडलं. खालच्या दुकानातून एक उंच स्टूल आलं. बाई येऊ लागल्या, कधी मण्यांशी, कधी चेंडूशी खेळायच्या, एकदा तर जुळ्यांच्या बाजूने वकिलाशी भांडल्या. बाप मुलीला न्यायला आला की आता दाराशी थांबून चार वाक्यं बोलायचा, चुकत, हातवारे करत; एकदा वकिलानेच त्याचं एक क्रियापद दुरुस्त केलं आणि त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं. मावशी परत ओरडायला लागली होती. ओरडताना कधी आई यायची, कधी शाळेतल्या बाई यायच्या; ती त्यांना येऊ द्यायची. कुणाचं ना कुणाचं तरी बोललंच पाहिजे, निव्वळ स्वतःचं बोलायचं तर माणसाने तोंड कधी उघडायचं? गप्पू तिच्या पाठीमागे मावशी होत होती, आणि मावशी परत वर येताना आता जिन्यात मुद्दाम खोकायची, म्हणजे आतल्यांना वेळ मिळावा.

मग एका दुपारी समोरच्या इमारतीत कुणीतरी राहायला आलं. त्यांचं कपाट जिन्यात मावेना, म्हणून माणसं ते दोरांनी बांधून बाहेरून वर चढवायला लागली. सगळी खोली खिडकीशी लोटली. अभ्यास टेबलांवर उघडा पडला, दूध निवलं. मावशीने लहानांना पुढे घ्यायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तीही विसरली आणि चौकटीला कोपर टेकून, मान बाहेर काढून बघायला लागली. कपाटाचा आरसा दारातच बसवलेला होता. तो हलला की त्याच्यात एकदा आकाश यायचं, एकदा समोरच्या खिडक्या, एकदा गर्दी करून उभी असलेली ही सगळी डोकी. खालचा एकजण ओरडला, डावीकडे! वरचा ओरडला, कुणाच्या डावीकडे? मुलं खिदळली. तेवढ्यात मावशीच्या कमरेला पाठीमागून कुणीतरी ढोसलं.

"सरक ना. मला दिसत नाहीये."

आवाज घोगरा होता, जाडसर, तिने मनात धरला होता त्यापेक्षा खालच्या पट्टीतला, आणि जरा हट्टी. तो तिचा नव्हता. तिच्या आईचा नव्हता, दादाचा नव्हता, बाईंचा नव्हता. ह्या खोलीत तो तिने कधी ऐकलेलाच नव्हता. मावशीला वळून बघायची विलक्षण इच्छा झाली, पण तिने ती आवरली. दोन हात पलीकडे वकील उभा होता, त्याने ऐकलं असणार. तोसुद्धा कपाटाकडेच बघत होता. मावशी सरकली. मोकळ्या झालेल्या जागेत एक डोकं शिरलं, दोन कोपरं चौकटीवर आली, एक कोपर तिच्या बरगडीत रुतलं आणि तिथेच राहिलं. मावशीला आता निम्मंच कपाट दिसत होतं. तेवढं पुष्कळ होतं.